जिवंत परतलेला माणूस कोणाला हवा होता? 'देर रूफ' (१९४९) आणि फ्रिट्झ कोर्टनर

पडदाप्रेमी (धागाकर्ता)

महायुद्ध संपल्यावर पहिल्या चार-पाच वर्षांत जर्मनीत जे सिनेमे निघाले त्यांना तिथे 'ढिगाऱ्यांचे सिनेमे' म्हणतात. पडलेल्या इमारती, विटांच्या राशी आणि त्यातून वाट काढत घरी येणारा थकलेला सैनिक. या सिनेमांत ज्यू माणूस फारसा दिसत नाही. दिसलाच तर बहुतेक वेळा मेलेला किंवा मरायला निघालेला. कुर्ट मेत्सिगच्या 'एहे इम शाटेन'मध्ये (१९४७) ज्यू नटी आणि तिचा नवरा विष घेतात. ती गोष्ट योआखिम गोटशाल्क या नटाच्या खऱ्या कुटुंबावरून घेतलेली. १९४१ मध्ये त्याने, त्याच्या ज्यू बायकोने आणि मुलाने एकत्र जीव दिला होता. हा सिनेमा बर्लिनच्या चारही (चार विजेत्या देशांच्या ताब्यातल्या) विभागांत एकाच दिवशी लागला आणि लाखो लोक तो पाहून रडले. त्याच वर्षीच्या हाराल्ड ब्राउनच्या 'त्स्विशेन गेस्टर्न उंड मोर्गेन'मध्ये परदेशातून परत येणारा नायक आहे खरा, पण तो ज्यू नाही. त्यातली ज्यू बाई केव्हाच मेलेली आहे, तिच्या फक्त आठवणी येतात.

आणि मग १९४९ च्या एप्रिलमध्ये 'देर रूफ' आला. 'बोलावणं' म्हणू. यातला ज्यू माणूस जिवंत आहे. अंगात कोट, हातात कागद आणि आपल्या जुन्या विद्यापीठाने रीतसर पाठवलेलं नेमणुकीचं पत्र घेऊन तो परत येतो. हा धागा याच एका गोष्टीसाठी काढतोय. मेलेल्यांसाठी डोळे पुसायला तो समाज तयार झाला होता, पण जिवंत परतलेल्याला त्याची खुर्ची द्यायची वेळ आली की सगळं अवघड होत होतं. हे त्या काळात इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा जर्मन सिनेमा मला माहीत नाही.

(पुढे कथानक उघड केलं आहे, शेवटासकट.)

प्राध्यापक माउथनर तत्त्वज्ञान शिकवतात. हिटलर आल्यावर नोकरी गेली, देश सुटला, आता पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात आहेत. भोवती त्यांच्यासारखेच निर्वासित आहेत, शिवाय जीव लावणारे अमेरिकन विद्यार्थी. ग्योटिंगेनहून बोलावणं येतं. मित्रमंडळी सांगून पाहतात की जाऊ नकोस, तिथे तुझं कोणी उरलेलं नाही. माउथनर ऐकत नाहीत. काही विद्यार्थी सोबत निघतात. वाटेत बर्लिनचे ढिगारे दिसतात. मग विद्यापीठ, सहकाऱ्यांची हस्तांदोलनं, पहिलं व्याख्यान. फेख्नर नावाचे एक सहकारी आहेत, वागायला अगदी सभ्य, आणि तेच आतून सूत्रं हलवतात. माउथनरांची बायको लीना जर्मनीतच राहिली होती. त्यांचा मुलगा वाल्टर हिटलरच्या शाळेत वाढला. जे विद्यार्थी या 'बाहेरून आलेल्या' प्राध्यापकाविरुद्ध उठतात त्यांत वाल्टर आहे, आणि ज्याच्याविरुद्ध आपण उठलोय तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नाही. माउथनर खचतात, अंथरुणाला खिळतात, आणि बाप-लेकाची खरी भेट होते ती मरणाच्या दारात.

पटकथा फ्रिट्झ कोर्टनर या ज्यू नटाची आणि माउथनरही तोच. दिग्दर्शक योझेफ फॉन बाकी. आता हे नाव जरा नीट बघा. बाकीने १९४३ मध्ये उफा या चित्रपट कंपनीच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी 'म्युनशहाउझेन' काढला होता. गोबेल्सच्या आशीर्वादाने, बक्कळ पैसा ओतून, रंगीत. त्याचा छायाचित्रकार व्हेर्नर क्रीन, संगीत गेओर्ग हेन्त्शेल. 'देर रूफ'चा छायाचित्रकार व्हेर्नर क्रीन, संगीत गेओर्ग हेन्त्शेल. म्हणजे हद्दपार झालेला ज्यू नट स्वतःची कहाणी सांगायला परत आला तेव्हा कॅमेऱ्यामागे होती ती तिथेच राहून, तिथेच काम करत आलेली माणसं. त्यांना खलनायक ठरवायचा माझा हेतू नाही. 'म्युनशहाउझेन'ची पटकथाही एरिख केस्टनरने टोपणनावाने लिहिली होती, आणि त्याची पुस्तकं १९३३ मध्ये जाळली गेली होती. एवढंच म्हणायचंय की पडद्यावर माउथनर ज्या सहकाऱ्यांत येऊन उभे राहतात, जवळपास तशाच माणसांत कोर्टनर रोज सकाळी चित्रीकरणाला उभा राहत होता.

व्याख्यानाचा प्रसंग या सिनेमाचा गाभा आहे. माउथनर प्लेटोपासून सुरुवात करतात, सद्गुण शिकवता येतो का, हा प्रश्न घेऊन. समोर बाकांवर तरुण पोरं बसली आहेत, त्यांतली बरीच नुकती युद्धातून आलेली. कोर्टनर जाडसर, बुटका, रंगभूमीवर प्रचंड आवाज लावण्यासाठी प्रसिद्ध. इथे तो प्रश्न समोर ठेवतो आणि पोरांवर सोडतो. तुम्ही काय केलंत असं तो विचारत नाही, तुम्ही शिकू शकता का, असं विचारतो. काही चेहरे मोकळे होतात, काही आणखी मिटतात. तो पूर्ण प्रसंग मी परत परत पाहिला आहे आणि दर वेळी वाटतं की याचं उत्तर त्या खोलीत कोणालाच नको होतं, माउथनर सोडून.

ज्यांनी पाहिला असेल त्यांनी जरूर लिहा. शेवटाबद्दल विशेष.

•

कावेरी_ना

सुंदर लेख. मी हा सिनेमा जर्मन शिकताना पाहिला होता, आणि आमच्या वर्गात त्याच्यावर बरीच वादावादी झाली होती. माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे.

मला शेवट अजिबात पटला नाही. सिनेमाचा प्रश्न सार्वजनिक आहे: विद्यापीठ या माणसाला परत घेणार की नाही? उत्तर मात्र घरगुती मिळतं. विरोधक निघतो पोटचा पोरगा, आणि बापाच्या मरणशय्येजवळ सगळं विरघळून जातं. मग फेख्नरचं काय झालं? त्याची नोकरी गेली? नाही. माउथनर मेले आणि फेख्नर आपल्या जागी राहिला. तुम्ही म्हणता हा जिवंत ज्यू माणसाचा सिनेमा आहे, पण शेवटी तोही मेलाच ना? प्रेक्षकांना डोळे पुसायची सोय करूनच दिली.

दुसरं म्हणजे लीना. ती मागे राहिली, एकटीने पोर वाढवलं, बापाचं नावसुद्धा पोराला सांगता येऊ नये अशा काळात वाढवलं. एवढ्या मोठ्या गोष्टीला सिनेमा किती वेळ देतो? लपवलेलं गुपित म्हणून ती कथानकाला वापरून घेतली जाते. तिच्या बाजूने एक अख्खा सिनेमा निघाला असता.

•

पडदाप्रेमी

कावेरी, लीनाबद्दल शंभर टक्के सहमत.

आणि यात एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर लीनाचे प्रसंग मला वेगळेच दिसायला लागले. लीनाचं काम केलंय योहाना होफरने. ती कोर्टनरची खरी बायको, १९२४ पासूनची. चित्रकार केटे कोलव्हित्झची भाची. खऱ्या आयुष्यात ती मागे राहिली नाही, नवऱ्याबरोबर आधी इंग्लंड, मग अमेरिका अशी निर्वासित म्हणून फिरली, स्वतःची रंगभूमी सोडून. म्हणजे जी सोबत गेली तिने न गेलेलीचं काम केलं. दोघं एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा आपण वेगळे झालो असतो तर काय झालं असतं, हे दोघं मिळून पडद्यावर करून बघत आहेत असं मला वाटतं.

शेवटाबद्दल मात्र सहमत नाही. माउथनर रोगाने मरत नाहीत किंवा कोणी त्यांना मारत नाही. अपेक्षा मेल्यामुळे मरतात. इंग्रजीत हा सिनेमा 'द लास्ट इल्यूजन' या नावाने गेला, शेवटचा भ्रम. फेख्नर जागेवर राहतो हे तर १९४९ चं अगदी खरं चित्र आहे. त्याला शिक्षा झाली असती तर सिनेमा खोटा ठरला असता.

•

वेताळटेकडी

माझं डॉक्टरेटचं काम ग्योटिंगेनला झालं, भौतिकशास्त्रात. त्यामुळे थोडं त्या गावाबद्दल. कथा ग्योटिंगेनला ठेवली आहे याला अर्थ आहे.

१९३३ पर्यंत गणित आणि भौतिकशास्त्रात हे जगातलं अव्वल ठिकाण होतं. त्या वर्षी ७ एप्रिलला ज्यू सरकारी नोकरांना काढण्याचा कायदा आला, आणि तिथे प्राध्यापक म्हणजे सरकारी नोकरच. काही आठवड्यांत भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न आणि गणितज्ञ रिखार्ड कूरांट, एमी नोएथर घरी बसले. जेम्स फ्रांक हा नोबेल मिळालेला माणूस. पहिल्या महायुद्धात लढलेला असल्याने त्याला त्या कायद्यात सूट होती. त्याने सूट नाकारली आणि जाहीर राजीनामा दिला. त्यावर त्याच विद्यापीठातल्या ४२ अध्यापकांनी पत्रक काढलं. निषेध कायद्याचा केला असेल असं वाटेल, पण केला तो फ्रांकच्या राजीनाम्याचा, देशाची बदनामी होते म्हणून.

फेख्नर कुठून आला हे विचारायची गरजच नाही. हे ४२ जण गणवेश घालून काठ्या घेऊन फिरणारे नव्हते. चांगले शिकलेले, नम्र, संध्याकाळी घरी पियानो वाजवणारे लोक होते.

युद्धानंतर जर्मन विद्यापीठांनी घालवलेल्या लोकांना किती उत्साहाने परत बोलावलं? फार कमी. बाहेर पडलेल्या ज्यूंपैकी जेमतेम चार-पाच टक्के लोक जर्मनीत कायमचे परतले. उलट १९५१ मध्ये कायदा झाला आणि नाझी भूतकाळामुळे नोकऱ्या गेलेल्या सरकारी नोकरांना पुन्हा सेवेत येण्याचा रस्ता मोकळा झाला, त्यात प्राध्यापकही आले. ज्या खुर्च्या आधीच भरलेल्या होत्या त्यांवरून कोणाला उठवायचं, हा प्रश्न कोणी काढायला तयार नव्हतं.

तरी माउथनरांचं बोलावणं अगदी काल्पनिक होतं असंही नाही. हेल्मुट प्लेस्नर हे तत्त्वज्ञ. वडील ज्यू कुटुंबातले, म्हणून १९३३ मध्ये कोलोनहून काढलं, हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनला गेले, जर्मन तिथेही आले तेव्हा लपून राहिले. ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून आले आणि १९६० मध्ये त्याच विद्यापीठाचे रेक्टर (कुलगुरू) झाले. मात्र तत्त्वज्ञानाच्या नाही, समाजशास्त्राच्या खुर्चीवर. म्हणजे 'देर रूफ' आला तेव्हा जे नुसतं पडद्यावर होतं ते दोन-तीन वर्षांत त्याच गावात घडलं. आणि या माणसाचा शेवट माउथनरांसारखा झाला नाही.

•

अक्षरवेल्हाळ

वेताळटेकडी, बोर्न परत गेले ना शेवटी? एडिनबराहून?

•

वेताळटेकडी

हो. एडिनबराहून निवृत्त होऊन १९५३-५४ मध्ये ते बाड पिर्मोंटला स्थायिक झाले, ग्योटिंगेनपासून फार लांब नाही. आइनस्टाइनला हे अजिबात रुचलं नव्हतं. आपल्या माणसांच्या कत्तलखोरांच्या देशात परत जातोस, असं त्याने पत्रात लिहिलं. बोर्नचं कारण बरंचसं व्यवहाराचं होतं: ब्रिटिश पेन्शन तुटपुंजं, आणि जर्मनी त्यांचं गेलेलं पेन्शन परत देत होती. शिवाय बायको हेडविग क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) झाली होती आणि जर्मन क्वेकरांचं केंद्र पिर्मोंटला होतं.

परतण्याबद्दल आपण बोलतो तेव्हा मातृभूमी, भाषा, ओढ असे शब्द येतात. पेन्शन हा शब्दही त्यात यायला हवा. साठी-सत्तरीच्या माणसाला परक्या देशात तुटपुंज्या पैशांत म्हातारपण काढायचं असतं तेव्हा तोच निर्णायक ठरतो.

भारताचा एक धागा यात आहे आणि तो आपल्याला अभिमान वाटावा असा नाही. बोर्न १९३५-३६ मध्ये काही महिने बंगळूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होते, सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून. रामन यांना त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. अध्यापकांच्या बैठकीत एका इंग्रज प्राध्यापकाने बोर्नच्या तोंडावर सांगितलं की स्वतःच्या देशातून हाकलून लावलेला दुय्यम दर्जाचा परदेशी आम्हाला पुरेसा नाही. बोर्नने आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं आहे. ती नेमणूक झाली नाही. पुढे १९५४ चं नोबेल त्यांना मिळालं.

•

नेपथ्यवाला

नाटकाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण कोर्टनर म्हणजे आधी रंगभूमी आणि मग सिनेमा.

जन्म व्हिएन्ना, १८९२, मूळ नाव फ्रिट्झ नाथान कोन. १९१९ मध्ये लेओपोल्ड येस्नरने बर्लिनला शिलरचं 'विल्हेल्म टेल' केलं. रंगमंचावर डोंगर, झाडं काही नाही, फक्त पायऱ्या. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांत राडा झाला. त्यात जुलमी गेस्लर होता कोर्टनर. पुढच्या वर्षी शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड. शायलॉक तर त्याने अनेकदा केला. मूकपटांत दिग्दर्शक पाब्स्टच्या 'पॅन्डोराज बॉक्स'मध्ये लुइझ ब्रूक्ससमोरचा डॉक्टर श्योन तोच, आणि १९३० च्या 'ड्रायफस' या बोलपटात खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेला ज्यू अधिकारी ड्रायफसही तोच. नाझींना हा माणूस डोळ्यांत खुपत होता ते उगाच नाही.

अमेरिकेत काय मिळालं? छोट्या भूमिका. 'द हिटलर गँग'मध्ये ग्रेगोर श्ट्रासर केला, म्हणजे नाझीच. निर्वासित ज्यू नटांना हॉलिवुडमध्ये नाझी रंगवायचं काम मिळायचं, कारण उच्चार जर्मन. ज्या माणसाची सगळी ताकद भाषेत आहे, एकेक व्यंजन तोलून टाकण्यात आहे, त्याच्याकडून त्याची भाषाच काढून घेतली तर उरतं काय? माउथनरांना परत का जावंसं वाटतं याचं उत्तर कोर्टनरच्या गळ्यात आहे. 'देर रूफ'च्या सुरुवातीला तो इंग्रजी बोलतो ते ऐका आणि मग व्याख्यानातलं जर्मन ऐका. दोन वेगळी माणसं वाटतात.

खरा कोर्टनर १९४७ च्या डिसेंबरात परतला आणि माउथनरांसारखा मेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो राहिला, भांडला. १९५० मध्ये बर्लिनला त्याने शिलरचं 'डॉन कार्लोस' केलं. त्यात सैनिकांच्या बंदुका थेट प्रेक्षागृहाच्या दिशेने चालतात, असं त्याने बसवलं. प्रेक्षक उसळले. हे नुसतं तंत्र नव्हतं. आतापर्यंत ज्या दिशेला बंदुका होत्या त्या दिशेला बसून बघा, असं त्याने त्या प्रेक्षकांना सांगितलं. तालमी महिनोन्महिने चालायच्या, नट रडकुंडीला यायचे आणि तरी त्याच्याकडे काम मिळावं म्हणून धडपडायचे. म्युनिकला १९७० मध्ये वारला तोवर युद्धोत्तर जर्मन रंगभूमीचा तो एक प्रमुख दिग्दर्शक झाला होता. १९६९ च्या सुमाराला टीव्हीसाठी पुन्हा शायलॉक केला, सत्तरीच्या पुढे गेल्यावर.

म्हणून कावेरीताईंच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. लेखक म्हणून त्याने नायकाला मारलं, माणूस म्हणून त्याने तसं होऊ दिलं नाही. मला माणूस जास्त पटतो.

•

कावेरी_ना

नेपथ्यवाला, हे 'डॉन कार्लोस'चं माहीत नव्हतं. 'देर रूफ'मधल्या व्याख्यानाचं पुढचं रूपच वाटतंय हे. सिनेमात तो बाकांवरच्या पोरांना विचारतो, नाटकात खुर्च्यांवरच्या प्रेक्षकांना.

•

सुकरात_वाचक

तत्त्वज्ञान शिकवतो म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते.

सद्गुण शिकवता येतो का, हा प्रश्न प्लेटोच्या 'मेनो' या संवादाचं पहिलंच वाक्य आहे. माउथनर हाच विषय का घेतात? वरवर पाहता उत्तर सोपं: देशाला सुधारायचं आहे, नैतिकता शिकवायची आहे. पण 'मेनो'मध्ये मधेच एक माणूस येऊन बसतो, अनिटस. प्रतिष्ठित, लोकांनी पदांवर निवडून दिलेला, चांगल्या घरचा. सॉक्रेटिस त्याला विचारतो, अथेन्समधल्या थोर माणसांनी आपापल्या मुलांना सद्गुण शिकवला का? त्यांना तो शिकवता आला नाही, हे एकेक नाव घेऊन दाखवतो. थेमिस्टोक्लीसने मुलाला घोड्यावर उभं राहायला शिकवलं, भालाफेक शिकवली, पण स्वतःसारखं चांगलं करता आलं नाही. अनिटस चिडतो. तू लोकांबद्दल फार सहज वाईट बोलतोस, सांभाळून राहा, अशी ताकीद देऊन तो गप्प होतो. आणि पुढे सॉक्रेटिसवर जो खटला होतो, त्यातल्या तीन फिर्यादींपैकी एक हाच अनिटस.

आता सिनेमाकडे बघा. थोर बाप, आणि त्याचा मुलगा विरोधी गटात. सभ्य, प्रतिष्ठित फेख्नर. शेवटी शिक्षकाचा मृत्यू. कावेरी म्हणतात की सार्वजनिक प्रश्नाला घरगुती उत्तर मिळालं. 'मेनो' डोळ्यांसमोर ठेवला तर बाप आणि मुलगा हाच त्या सार्वजनिक प्रश्नाचा मूळ दाखला आहे. मुलाचा योगायोग मग मला जुळवून आणलेला वाटत नाही. वाल्टरला त्याच्या बापाने शिकवलंच नाही, दुसऱ्या कोणीतरी शिकवलं. शिकवता येतं, आणि वाईटही शिकवता येतं, बारा वर्षांत एक अख्खी पिढी शिकवून तयार करता येते. व्याख्यान देणारा माणूस आशावादी आहे, पण त्याच्या घरातच त्याच्या विरुद्ध पुरावा उभा आहे.

•

अक्षरवेल्हाळ

सुकरात_वाचक, नमस्कार घ्या. हे वाचून सिनेमा पुन्हा पाहणार.

मुंबईतून परत गेलेल्या एका माणसाबद्दल लिहितो. विली हास. प्रागचा ज्यू लेखक-समीक्षक, काफ्काच्या वर्तुळातला. बर्लिनला 'दी लितरारिशे व्हेल्ट' या साप्ताहिकाचा संपादक, पाब्स्टच्या 'जॉयलेस स्ट्रीट'चा पटकथाकार. १९३३ मध्ये बर्लिन सुटलं, प्रागला गेला, १९३९ मध्ये प्रागही गेलं आणि तो मुंबईला आला. इथे त्याने मोहन भवनानींच्या सिनेमांसाठी पटकथा लिहिल्या. त्याला भवनानींकडे आणणारा वॉल्टर कौफमान, कार्ल्सबादचा संगीतकार. आकाशवाणीची पहाटेची धून त्याच्याच नावावर सांगितली जाते.

त्या वेळच्या मुंबईत असे बरेच लोक होते. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. आरा, रझा, हुसेन या मंडळींना सुरुवातीच्या दिवसांत या तिघांनी दिलेला आधार कलेच्या इतिहासात नोंदलेला आहे.

युद्ध संपलं आणि यातल्या प्रत्येकाने वेगळं ठरवलं. कौफमान शेवटी अमेरिकेत इंडियानाला प्राध्यापक झाला. कार्ल्सबादला परतण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तिथले जर्मन बोलणारे ज्यू नाझींनी संपवले आणि बाकीच्या जर्मनांना युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने हाकललं. हास मात्र जर्मनीत परत गेला. हाम्बुर्गला 'दी व्हेल्ट' या वर्तमानपत्रात समीक्षा लिहू लागला आणि १९७३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. काफ्काची मिलेनाला लिहिलेली पत्रं १९५२ मध्ये पहिल्यांदा छापली गेली ती त्याच्याच संपादनाखाली.

नेपथ्यवाला म्हणाले ते इथेही लागू पडतं. जर्मन गद्यावर जगणारा माणूस मुंबईत हिंदी सिनेमांच्या पटकथा लिहीत होता. तो परतला तो देशाकडे नव्हे, वाचकांकडे परतला असं मला वाटतं.

•

पडदाप्रेमी

अक्षरवेल्हाळ, फार मोलाची भर. हासचं मुंबईतलं काम कोणीतरी मराठीत नीट लिहायला हवं.

सिनेमाचं पुढे काय झालं ते लिहायचं राहिलं होतं. 'देर रूफ' १९ एप्रिल १९४९ ला बर्लिनला लागला, त्याच वर्षी कान महोत्सवातही गेला. जर्मनीत चालला नाही. आधीच्या वर्षी निर्माता आर्टुर ब्राउनरच्या 'मोरिटुरी'चं हेच झालं होतं. त्यात छळछावणीतून पळालेले लोक होते, आणि ब्राउनर त्याच्या कर्जात वर्षानुवर्षं अडकला. १९४८ च्या जूनमध्ये नवं चलन आलं, दुकानं भरली, लोकांना आता रंगीत डोंगर आणि गाणी हवी होती. १९५० मध्ये 'श्वार्त्झवाल्डमेडेल' आला आणि हाउसफुल्लचे बोर्ड लागले.

आणि एक तारीख. 'देर रूफ' लागल्यानंतर चारच दिवसांनी, २३ एप्रिल १९४९ ला, हाम्बुर्गच्या न्यायालयाने फाइट हार्लानला निर्दोष सोडलं. हार्लान म्हणजे 'युड स्युस'चा (१९४०) दिग्दर्शक, नाझी काळातला सगळ्यात विषारी ज्यूद्वेषी सिनेमा, जो सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला. एकाच आठवड्यात दोन दिग्दर्शकांची नावं वर्तमानपत्रांत होती. दोघांपैकी कोणाच्या सिनेमाला पुढे गर्दी झाली असेल? हार्लान दोन वर्षांत पुन्हा सिनेमे काढायला लागला आणि ते चालले.

•

वेताळटेकडी

हार्लानचा विषय निघालाच आहे तर ग्योटिंगेनचं आणखी एक सांगतो, कारण वाल्टरबद्दल कोणी फारसं बोललं नाही.

१९५२ च्या जानेवारीत ग्योटिंगेनला हार्लानचा नवा सिनेमा लागला. विद्यार्थी निषेधाला रस्त्यावर उतरले. बघ्यांनी आणि सिनेमा बघायला आलेल्यांनी त्यांना मारलं, ज्यूंवरून शिव्या दिल्या. फ्रायबुर्गलाही तेव्हाच असंच झालं, तिथे पोलिसांनीच लाठ्या चालवल्या. हे विद्यार्थी कोण? वयाचा हिशेब करा. बहुतेक वाल्टरच्याच आगेमागे जन्मलेले, हिटलरच्या शाळांतून शिकलेले. त्याच विद्यापीठाच्या गावात, 'देर रूफ'नंतर तीन वर्षांनी.

त्यांनी कोर्टनरचा सिनेमा पाहिला होता असं मी म्हणत नाही. पण सुकरात_वाचक म्हणाले की वाल्टर हा आशेविरुद्धचा पुरावा आहे. मग हे विद्यार्थीही पुराव्यात धरायला हवेत.

•

अंतोबा

वकिली करतो म्हणून राहवत नाही. या हार्लानच्या बहिष्कारातूनच जर्मन घटनेतला एक पायाभूत निकाल आला. एरिख ल्यूट हे हाम्बुर्ग सरकारच्या प्रसिद्धी खात्याचे प्रमुख. १९५० मध्ये त्यांनी जाहीर आवाहन केलं की हार्लानच्या सिनेमावर बहिष्कार टाका. चित्रपट कंपन्यांनी त्यांच्यावर दावा लावला, खालच्या कोर्टाने ल्यूटना तोंड बंद ठेवायला सांगितलं. प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि १९५८ च्या जानेवारीत निकाल ल्यूटच्या बाजूने लागला. मूलभूत हक्क फक्त सरकारविरुद्ध चालत नाहीत, खाजगी कायद्याचा अर्थ लावतानाही न्यायाधीशांनी ते डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत, हे तत्त्व तिथे ठरलं. जर्मनीत कायद्याच्या पहिल्या वर्षाला हा निकाल शिकवतात.

•

कावेरी_ना

माझं शेवटाबद्दलचं मत अजून तेच आहे. पण 'मेनो' वाचून मग पुन्हा पाहीन आणि इथे लिहीन.

पडदाप्रेमी, पेटर लोरच्या 'देर फेरलोरेने'वर (१९५१) पण लिहा ना. तोही परतलेलाच ज्यू नट, तोही स्वतःच लेखक आणि नायक, शिवाय दिग्दर्शकही. तो सिनेमाही लगेच उतरला. फरक एवढाच की लोर नंतर अमेरिकेला निघून गेला आणि पुन्हा कधी सिनेमा दिग्दर्शित केला नाही.

•

पडदाप्रेमी

कावेरी, नक्की. लोरवर स्वतंत्र धागा काढतो, कारण तिथे प्रश्न उलटा आहे: परतलेल्या ज्यू नटाने त्यात खुनी जर्मन शास्त्रज्ञ केलाय, सगळी सिगारेटची राख आणि अपराधाचं ओझं घेऊन. नेपथ्यवाला, त्या धाग्यावर तुम्ही हवेच आहात, लोरचे सुरुवातीचे बर्लिनचे नाटकांचे दिवस तुम्ही सांगा.